कंट्रोल-सी गेलं कुठे?

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू विचारलंस की जीडीबीत (म्हणजे प्रोग्राम थांबवून आत डोकावायच्या डीबगरमध्ये) प्रोग्राम थांबल्यावर कंटिन्यू केलं की तो आलेला सिग्नल, म्हणजे सिस्टीमकडून प्रोग्रामला आलेली सूचना, जातो कुठे, तेव्हा मी गाडीवर होतो म्हणून नंतर सांगतो म्हटलं, पण खरं सांगू का, मलाही हे मागच्याच महिन्यात कळलंय, तेही दोन दिवस डोकं आपटून.

आमच्या एका सर्व्हिसला कंट्रोल-सी मारलं की सिगइंट (कंट्रोल-सीचा सिग्नल) येतो, त्याचा हँडलर, म्हणजे तो आला की चालणारं फंक्शन, खुणेचा एक फ्लॅग लावतो आणि मेन लूप फाइल नीट बंद करून बाहेर पडतो. नुसती चालवली तर एकदम शहाण्यासारखी वागते. जीडीबीखाली घेतली, हँडलरवर ब्रेकपॉइंट (इथे आलास की थांब अशी खूण) टाकला, कंट्रोल-सी मारलं, जीडीबीने सिगइंट आला म्हणून छापलं, मी कंटिन्यू केलं आणि बाई आपल्या चालूच! ब्रेकपॉइंट लागेना, फ्लॅग हलेना. हँडलर लावलाय का हे चारदा बघितलं, कंपायलरला शिव्या घातल्या, बिचाऱ्या ज्युनिअरवर पण संशय घेतला.

तुला आठवतं, आमच्या वाड्यात पोस्टमन आला की पत्र आधी आजोबांच्या हातात जायचं, आणि पुढे द्यायचं की खिशात घालायचं ते तेच ठरवायचे? (तुझी दोन तरी त्यांनी गिळलीयत.) डीबगर म्हणजे तेच आजोबा. लिनक्सवर पीट्रेसखालच्या (डीबगर चालू प्रोग्राम ताब्यात ठेवतो तो सिस्टीम कॉल) प्रोसेसला सिग्नल आला की कर्नल तो पोचवायच्या आधी तिला थांबवतो आणि डीबगरला वेटपिड या कॉलमधून कळवतो. एक सिगकिल, म्हणजे प्रोसेसला ठार करणारा सिग्नल, तेवढा आजोबांना न विचारता थेट घरात घुसतो. मग प्रोसेस पुन्हा सोडताना डीबगर पीट्रेसला शेवटी एक आकडा देतो, तिथे सिग्नलचा नंबर टाकला तर तो पोचतो, ० टाकलं तर सिग्नल गायब, आणि वाटलं तर भलताच नंबर टाकून दुसरंच पत्र हातात देता येतं.

हा आकडा जीडीबी एका टेबलवरून ठरवतो, इन्फो सिग्नल्स मारून बघ. थांबायचं का, छापायचं का, प्रोग्रामला द्यायचं का, असे तीन रकाने. सिगचाइल्ड (चाइल्ड प्रोसेस संपल्याचा), सिगअलार्म (टायमरचा) गुपचूप पुढे जातात. सिगइंट आणि सिगट्रॅप (ब्रेकपॉइंट लागल्याचा) मात्र डीबगरच्या स्वतःच्या कामाचे, म्हणून थांबतो, छापतो आणि प्रोग्रामला काही देत नाही. दुसऱ्या टर्मिनलमधून किल कमांडने सिगइंट पाठवलास तरी तेच.

उपाय अगदी किरकोळ निघाला, हँडल सिगइंट पास ही कमांड, त्यावर जीडीबी "हा डीबगर वापरतो, नक्की बदलू का" असं विचारतो, वाय दाबायचं. एकदाच द्यायचा असेल तर कंटिन्यूऐवजी सिग्नल सिगइंट लिहायचं. याच्या उलट सिग्नल ०, म्हणजे पत्र फाडून टाक आणि चल पुढे. सेगफॉल्टला (चुकीच्या पत्त्याला हात लावल्यावर येणारा सिग्नल) तो करून बघितला, पण तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते ना, त्यामुळे सी कोडमधला पॉइंटर बदलून भागत नाही, चुकीचा पत्ता रजिस्टरमध्येच बसलेला असतो आणि परत आपटतो.

आता तुझं रडगाणं. मेनवर (प्रोग्राम सुरू होतो त्या फंक्शनवर) थांबून तू सिग्नल सिगयूजर-१ (आपल्या वापरासाठी मोकळा ठेवलेला सिग्नल) मारलंस आणि प्रोग्रामच मेला. अरे, तेव्हा हँडलर लागलेलाच नव्हता! सिग्नल कमांड ते टेबल बघतच नाही, सरळ देऊन टाकते, आणि हँडलर नसला की सिगयूजर-१ने प्रोसेस मरते. हँडलर लावायची ओळ ओलांडून मग मार.

थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममधली समांतर चालणारी कामं, असतील तर अजून एक भानगड आहे. सिग्नल ० फक्त तू निवडलेल्या थ्रेडपुरता, दुसरा थ्रेड सिग्नल घेऊन थांबला असेल तर त्याचा त्याला मिळतोच. त्या थ्रेडवर जाऊन आधी क्यू-सिग्नल ० (प्रोग्राम न सोडता नुसतं ठरवून ठेवणारी कमांड) करायचं, मग कंटिन्यू. हे मी अजून एकदाच केलंय, तर रविवारी येशील तेव्हा लॅपटॉप घेऊनच ये, तुझ्या त्या आठ थ्रेडवाल्या प्रोग्रामवर बसू.

तुझा,
बंड्या