या शिमग्याला मी नाही

पिंपळगाव बसवंत

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

या शिमग्याला मला येता येणार नाही. पालखी घरी येईल तेव्हा ओटी भरायला काकूला बोलाव आई, तिला मी सांगून ठेवलंय. फोनवर बोलले असते तर तुझा आवाज उतरला असता आणि मी लगेच ‘येते’ म्हणून बसले असते, म्हणून लिहायला घेतलं.

दुसरं म्हणजे, मला इथे द्राक्षं निवडून भरायच्या पॅकहाऊसमध्ये कायम केलंय आणि मी हो म्हटलंय. पुण्याची खोली सोडली. हिंजवडीला आता जायचं नाही. बाबा, लगेच पगाराचा हिशोब मांडू नका. कमी आहे, पण पुण्याचं भाडं वाचतंय आणि तुमच्या मेडिक्लेमचा हप्ता भरून झालाय. घराला लागेल ते मी पाठवत राहीन. खेर्डीची कंपनी सोडून दुकान घातलंत तेव्हा आजी काय काय बोलली, ते मला आठवतं. २०२१ च्या पुरानंतर दुकानातला चिखल काढतानाही तुम्ही पुन्हा नोकरीचं नाव काढलं नाहीत. मग मला घाबरू नको म्हणायचा हक्क तुमचाच आहे की नाही?

सध्या द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आहे. पहाटे बागेत तोडणी सुरू होते, ऊन चढायच्या आत क्रेट पॅकहाऊसला आलेले असतात. मणी सोळा-अठरा मिलिमीटरचा हवा, गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर बघायची, फवारणीच्या औषधाच्या उरलेल्या अंशाचा लॅब रिपोर्ट आल्याशिवाय युरोपचा माल हलवायचा नाही. मग प्री-कूलिंग, मग शून्य-एक अंशाला कोल्ड स्टोरेज, आणि कंटेनर न्हावा शेवाला. पुढे समुद्रात कित्येक दिवस. एक फुटका मणी राहिला तरी शेजारचे सडतात. सॉफ्टवेअरमध्येही मी चुकाच शोधायचे, पण त्या कुणाच्या हातात पडणार ते कधी दिसायचं नाही. इथे बागाईतदार समोर उभा असतो, वर्षभराची मेहनत घेऊन.

सुरुवातीला मला घड धरताही येत नव्हता. आमच्या ओळीतल्या एका मावशींनी शिकवलं. देठाला धरायचं, मण्यांवरची पांढुरकी झाक पुसू द्यायची नाही, कात्रीचं टोक आत घालून खराब मणी तेवढाच काढायचा, शेजाऱ्याला धक्का न लावता. आई, तू मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडायचीस आणि मी तुझ्या कुशीत शिरून खडे वेचायचे, तसंच वाटतं गं. त्या दिवशी तुझी फार आठवण आली.

खाण्याची काळजी करू नकोस. खोली स्वच्छ आहे, पाणी दिवसभर असतं, डबा ओळखीच्या घरून येतो. बाजरीची भाकरी रोज असते, भातही असतो. तुझं मेतकूट पुरवून पुरवून खातेय. थंड खोलीत जाताना तू विणलेला निळा स्वेटर आत आणि कंपनीचं जाकीट वर, त्यामुळे सर्दीसुद्धा झाली नाही.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. माळ्यावर चढायचं नाही, शिडी मी शेजारच्या दादांकडे ठेवायला सांगितलीय. पालखी नाचवायला खांदा देऊ नका, दर्शन घ्या, बास. आई, गुडघ्याला तेल लावून भागणार नाही, डॉक्टरांनी दिलेले व्यायाम कर. आणि मी नाही म्हणून पुरणपोळी करायची राहू देऊ नकोस.

एप्रिलमध्ये हंगाम सरला, वेलींची खरड छाटणी लागली की मला सुट्टी मिळते. अक्षय तृतीयेच्या सुमारास येते, चांगली आठवडाभर राहते. आंबे तेव्हाच उतरवा, आढी मी लावीन. जाताना तुम्हा दोघांना इकडे घेऊन यायचा विचार आहे. बघा, जमेल तसं.

बाबांची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या आणि रिपोर्टच्या दोन्ही पानांचे फोटो पाठवा. मागच्या वेळी एकच आलं होतं.

तुमची,
चिमी