चांदणी घोडीच्या उपचारासाठी आणि आगोटीच्या (पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या) चाऱ्यासाठी आवाहन

समस्त माथेरानकर, खाली नेरळ-कर्जतला राहायला गेलेले आपले गाववाले आणि दरवर्षी न चुकता वर येणारे आपले पाहुणे यांस मंडळाचा सप्रेम नमस्कार.

पत्र घाईत लिहितो आहे, तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. दोन दिवस पाऊस उघडला आहे. वाळक्या गवताचा टेम्पो दस्तुरीपर्यंत (गाड्या तिथवरच येतात) आणायचा तर तो याच उघडिपीत आणावा लागेल. एकदा झड लागली की वाटेतच गवत भिजतं, भिजलेल्या गवताला चार दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशीचं गवत घोड्याला घालणं म्हणजे खोकला आणि पोटशूळ हाताने घालणं. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वाईट तो बाहेर टाकू शकत नाही. म्हणून ही घाई.

चांदणी कोण हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. कुमैत (तांबूस तपकिरी) रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, शांत डोळ्यांची ती घोडी. लहान मुलाला पहिल्यांदा घोड्यावर बसवायचं असेल तर बाजारातले लोकच सांगायचे, "चांदणी मोकळी आहे का बघा." तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी भिंतीवर जो फोटो आहे, त्यात मुलाच्या खाली जी घोडी उभी आहे, ती बहुधा हीच.

मे महिन्याच्या अखेरीस, वळवाची पहिली सर पडून गेली त्या संध्याकाळी, ती पॅनोरमा पॉइंटकडून परतत होती. पाठीवर सहा वर्षांचा मुलगा, लगाम तिच्या मालकांच्या, आपल्या दादांच्या हातात. उतारावर पुढच्या डाव्या पायाची नाल सटकली. ओल्या उतारावर लोखंडी नाल कशी जाते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाय पुढे ताणला गेला आणि ती गुडघ्यावर आली. घोडं असं पडलं की धडपडून उठायला बघतं, आणि त्या झटक्यात वरचा माणूस फेकला जातो. ही उठली नाही. कान मागे टाकून, नाकपुड्या फुलवून ती गुडघ्यावर तशीच थांबली. दादांनी मुलाला उचलून घेतलं, बाजूला ठेवलं, आणि मगच ती तीन पायांवर उभी राहिली. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. मी मागच्या वळणावर होतो, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

हाड मोडलेलं नाही, ही देवाची कृपा. पण गुडघा सोलला गेला आणि त्याखालची मागची मोठी शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा) अर्धवट तुटली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आले, दस्तुरीपासून पायी, पिशवी खांद्याला लावून. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली, नाला काढायला लावल्या. तिला खाली न्यायचा विचार निघाला होता. पण आपल्या गावात गाडी येत नाही. गाडीत चढवायला तिला आधी दस्तुरीपर्यंत चालवायला हवं, आणि चालवायचंच नाही हा तर उपचार. म्हणून सगळं घरीच चालू आहे. दोन-तीन महिने जागेवर विश्रांती, मग हातात धरून पाच-दहा मिनिटांची चाल, आणि पाठीवर खोगीर घालायचा विचार त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी. शीर भरून यायला एवढा वेळ लागतोच, घाई केली तर ती पुन्हा तुटते आणि मग कायमची.

दादांच्या घरात काय चाललंय ते एकदा जाऊन बघा. दिवसातून तीन वेळा, घड्याळ लावून वीस मिनिटं, पायावर गार पाण्याची धार. नळ चार वाजता जातो, म्हणून वहिनी दुपारीच पिंप भरून ठेवतात. मग थोरली मुलगी, यंदा दहावीला आहे, पायाला पट्टी बांधते. आधी कापसाचा थर, एकसारखा, कुठे गाठ नको. वर पट्टी, खालून वर. बांधून झाली की ती पट्टीत करंगळी घालून बघते. करंगळी जेमतेम शिरली पाहिजे. सहज शिरली तर सैल, शिरलीच नाही तर रक्त अडेल. मग तशीच पट्टी उजव्या, धडधाकट पायालाही. मी विचारलं, त्याला कशाला? ती म्हणाली, "काका, सगळा भार आता त्याच पायावर आहे. तो गेला तर ही बसलीच." डॉक्टरांनी एकदाच दाखवलं होतं. पोरीने घेतलं ते असं.

घोडी एकटी पडली की कासावीस होते, फेऱ्या मारायला बघते. म्हणून म्हातारा तुफान शेजारी बांधलाय. तुफानने काम सोडून तीन वर्षं झाली. त्याला विकला नाही, सोडूनही दिला नाही. तो फळीवरून मान टाकून तिच्या मानेला खाजवत उभा असतो. दावणीत आणखी राजा आणि बिजली. कमावणारे आता हे दोघेच, आणि पावसाळ्यात कमाई कसली! नेरळची मिनीट्रेन ऑक्टोबरपर्यंत बंद, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनची शटल तेवढी चालू. शनिवार-रविवारी धुकं बघायला येणारी मंडळी घोड्यावर कमीच बसतात. चार तोंडं, प्रत्येकी रोजचं सहा-सात किलो वाळकं गवत, असे चार महिने. हिशेब करा, तीन टनांच्या आसपास जातं. दरवर्षी दादा मे महिन्याच्या कमाईतून आगोटीची भरणी करतात. यंदा ती कमाई औषधात गेली.

दादांनी आमच्याकडे काहीही मागितलेलं नाही, हे स्पष्ट लिहितो. आजोबांपासून हे घर घोड्यांवर जगलं, हात पसरायची सवय त्यांना नाही. आम्हाला कळलं ते बाजारात. खालच्या एका गिऱ्हाईकाने राजाला किंमत सांगितली आहे, आणि दादा देणार आहेत. राजा गेला तर चांदणी बरी होईपर्यंत बिजली एकटी घर चालवणार का? महिनाअखेरपर्यंत थांबा, असा शब्द मंडळाने त्यांच्याकडून घेतला आहे. आमचा शब्द त्यांना दिला आहे. तो आता तुमच्या भरवशावर आहे.

आपल्या मंडळाने शब्द दिला आणि पाळला नाही असं आजवर झालेलं नाही. नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून थोडं लिहितो. २००५ च्या जुलैत घाटातली रेल्वेची लाइन वाहून गेली आणि मिनीट्रेन २००७ मध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत गाव जवळजवळ घोड्यांच्या आणि हातगाड्यांच्या पाठीवर जगलं. डाळ, तांदूळ, गॅसची सिलिंडरं, औषधं, सगळं. त्या पावसात आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, आज ते नाहीत, स्वतःच्या ओसरीवर अकरा घोडी बांधून घेतली होती, कारण त्यांच्या तबेल्यांचे पत्रे उडाले होते. घरात माणसं मागच्या खोलीत आणि पुढे घोडी, असं दीड महिना चाललं. त्यांच्या बायकोने एका शब्दाने कुरकुर केली नाही, उलट रोज सकाळी स्वतः शेण-लीद काढली. काकू आता पुण्याला लेकाकडे असतात. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचेल तेव्हा त्यांना मंडळाचा साष्टांग नमस्कार.

आणि २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम तोंडावर होता. एक पर्यटक नाही. घोडी दावणीला, चंदी (घोड्यांचा दाणा) संपलेली. तेव्हा काय काय झालं! बाजारातल्या चिक्कीवाल्या शेठनी दुकान बंद असताना गोदाम उघडलं आणि चण्याची पोती काढून दिली. पैसे विचारले तर म्हणाले, "यांच्या पाठीवर बसून आलेल्या गिऱ्हाइकांनीच माझं दुकान चालवलंय." दादरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी एका महिन्याचं अख्खं पेन्शन पाठवलं. नाव छापायचं नाही ही त्यांची अट आम्ही अजून पाळतो, पण बाई, तुमच्या अक्षरातली ती चिठ्ठी मंडळाच्या खोलीत काचेखाली आहे. नेरळच्या गवतवाल्यांनी उधारीवर गवत दिलं आणि दिवाळीपर्यंत एकदाही तगादा लावला नाही. चप्पल शिवणाऱ्या आपल्या मामांनी तुटलेले तंग आणि मोरक्या फुकट शिवून दिल्या. हॉटेलात काम करणारी, गावी न गेलेली पोरं दस्तुरीपासून अडीच-तीन किलोमीटर हातगाड्या ओढत आली, पोलिसांचे पास खिशात ठेवून. नालबंद चाचांनी त्या सबंध वर्षात नालबंदीची मजुरी घेतली नाही, फक्त लोखंडाचे पैसे. परवा चांदणीच्या नाला काढायला, खूर तासायलाही तेच आले. गुडघे दुखतात, तरी आले, आणि चहासुद्धा घेतला नाही.

हे गाव हुतात्मा भाई कोटवालांचं. इथेच जन्मले, आणि सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्याच्या पेढ्या काढल्या. हंगामात ठेवा, अडीला घ्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर त्यांना वीरमरण आलं. पुतळ्याला हार आपण दरवर्षी घालतोच. धान्याच्या पेढीसारखी चाऱ्याची एक पेढी आपल्या गावात असावी, हे मंडळाचं जुनं स्वप्न आहे. यंदा चांदणीच्या निमित्ताने तिची सुरुवात करावी असं कार्यकारिणीने ठरवलं. दादांच्या गरजेपुरतं भागून जे उरेल ते कुणाही घोडेवाल्याच्या अडीला.

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षी घोड्यांच्या पाण्याच्या हौदासाठी याच मंडळाने पत्र काढलं होतं. शंभर प्रती वाटल्या. पावती फाडली अकरा जणांनी. सभेला सात जण होते, त्यात पाच कार्यकारिणीचे. हौद झाला नाही, ती अकरा जणांची रक्कम खात्यात तशीच आहे, हिशेब फलकावर आहे. तेव्हा आम्ही बोललो नाही. पण चांदणी पडल्यावर बाजारात दोन-तीन तोंडून जे ऐकलं, "लंगडी घोडी ठेवून काय करायचंय, खाली सोडून द्या," ते फार लागलं. खाली सोडलेल्या घोड्याचं काय होतं हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं. ज्या घोडीने पाठीवरच्या लेकरासाठी फुटका गुडघा जमिनीला टेकून धरला, तिला सोडून द्यायचं?

कुणी म्हणतं, आता ई-रिक्षा आल्या, घोड्याचे दिवस गेले. शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं रिक्षाने जातात याचा मंडळाला आनंदच आहे, ती गरज होती. पण सिमेंटचं पोतं आजही कुणाच्या पाठीवर चढतं? आणि लाल मातीच्या वाटेने पॉइंटावर घेऊन जाणारं कोण आहे? सरकारने २००३ मध्ये हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखला, गाडी नाही म्हणून इथली हवा अशी आहे, आणि हे सगळं इतकी वर्षं ज्यांच्या पायांवर चाललं त्यांच्यातल्या एकीचा पाय आज बांधलेला आहे.

तपशील थोडक्यात: गवत, वाहतूक व दस्तुरीपासून हातगाडी ४५,००० रु.; औषधं, पट्ट्या व डॉक्टरांच्या फेऱ्या ३०,००० रु.; तबेल्याचे चार पत्रे, ताडपत्री व खाली अंथरायला लाकडाचा भुसा १५,००० रु.; एकूण ९०,००० रु. आजवर जमा २१,५०० रु. (यात चिक्कीवाले शेठ व नालबंद चाचा पुन्हा आहेत). रोख रक्कम मंडळाच्या खोलीवर रोज सायंकाळी ६ ते ८, कोषाध्यक्षांकडेच द्यावी, इतर कोणाकडेही नाही. पावती जागेवर घ्यावी. खात्यावर पाठवायची असल्यास तपशील मंडळाच्या सभासदांकडून घ्यावा, पाठवल्यावर 'चांदणी' असं लिहून कळवावं. ८०-जी ची (प्राप्तिकरातली) सवलत मिळणार नाही, क्षमस्व. गवत वस्तुरूपाने द्यायचं असेल तर आधी विचारावं, ओलं किंवा हिरवं गवत आणू नये. टेम्पो आला की माल ओढायला दहा-बारा तरुण लागतील, नावं कोषाध्यक्षांकडे द्यावीत. हिशेब दर रविवारी फलकावर लागेल.

एक कळकळीची विनंती. बघायला जाणाऱ्यांनी गूळ, बिस्किटं, पोळ्या, चणे नेऊ नयेत. उभ्या घोड्याला चंदी जास्त झाली की खुरांना सूज चढते, आणि ती सूज मोडक्या पायापेक्षा वाईट. डॉक्टरांनी तिची चंदी जवळजवळ बंद केली आहे. परवा कुणीतरी प्रेमाने लाडू भरवले, त्या रात्री दादा आणि मुलगी दोघं पहाटेपर्यंत तिच्या पोटाला कान लावून बसले होते. गाजर एखादं चालेल, तेही वहिनींना विचारून.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता.क. जुनी मऊ सुती लुगडी किंवा धोतरं असतील तर धुऊन पाठवा, पट्टीखाली घालायला लागतात. दुकानातला कापूस आठवड्यातच संपतो. काल मुलीने स्वतःची शाळेची जुनी ओढणी फाडली.