निख्याला पत्र: साधी फाइल वाचायची तर एवढी भानगड का

प्रिय निख्या,

तुझा मेसेज वाचला. लिनक्सवर मस्त चालणारा प्रोग्रॅम विंडोजवर फाइल अर्धीच वाचून गप्प बसतो, एररही देत नाही, म्हणून तू वैतागलायस ना? तुझ्या फाइलमध्ये २६ नंबरचा बाइट आहे का ते आधी बघ, माझी पैज आहे की असणार. तू सी भाषेतल्या फाइल उघडणाऱ्या एफओपन फंक्शनला नुसता 'आर' दिलायस, म्हणजे टेक्स्ट मोड, आणि विंडोजच्या सी लायब्ररीत टेक्स्ट मोडमध्ये २६ म्हणजे कंट्रोल-झेड दिसला की फाइल संपली असं धरून चालतात. हे खूळ थेट सीपी/एम या डॉसच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातलं आहे. तिथे फाइलची लांबी बाइट्समध्ये लिहून ठेवायची सोयच नव्हती, १२८ बाइट्सचे किती तुकडे एवढंच माहीत, मग शेवटच्या तुकड्यात खरा मजकूर कुठे संपला ते कळावं म्हणून हा बाइट टाकायचे. ती सिस्टिम कधीच गेली पण खोड डॉसमधून विंडोजमध्ये आली ती आलीच. लिनक्सवर 'आर' काय नि 'आरबी' (म्हणजे बायनरी मोड, बाइट्स जसेच्या तसे) काय, काडीचा फरक नाही, म्हणून तिकडे तुला पत्ताच लागला नाही.

आता तुझ्या कोडमधली दुसरी गोष्ट, जी सगळेच करतात आणि माझ्या मते करूच नये. एफसीकने शेवटाला जायचं, एफटेलने साइझ विचारायची, तेवढी मेमरी घ्यायची, एका दमात वाचायचं आणि मग तेवढेच बाइट्स आले का ते तपासायचं. विंडोजवर ओळ १३ आणि १० अशा दोन बाइट्सनी संपते आणि टेक्स्ट मोड तुला देताना त्याचा एकच १० करून देतो. म्हणजे १०० ओळींची फाइल असेल तर वाचलेले बाइट्स साइझपेक्षा १०० ने कमीच भरणार, आणि तुझा प्रोग्रॅम बिचाऱ्या चांगल्या फाइलला खराब म्हणणार. बरं बायनरी मोड लावला तर सुटलो का, तर कागदोपत्री तेही नाही, कारण सीचं स्टँडर्ड सांगतं की बायनरी फाइलमध्ये शेवटापासून सीक करणं नीट चालेलच याची हमी नाही, आणि टेक्स्ट मोडमध्ये एफटेल जो आकडा देतो त्याला बाइट्सची मोजणी समजू नका, तो फक्त परत एफसीकला द्यायचा. झालं, दोन्हीकडून दार बंद! व्यवहारात बायनरीवालं चालतं म्हणा, पण एफटेल लाँग प्रकारचा पूर्णांक देतो आणि ६४ बिट विंडोजवरही लाँग ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे २१४,७४,८३,६४७ बाइट्सच्या पुढची फाइल आली की बोंब. आणि पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून थेट, डेटा येत असेल तर सीक होतच नाही, लिनक्सवर प्रॉक फोल्डरमधल्या बहुतेक फाइल्स तर साइझ शून्य सांगतात आणि वाचायला गेलं की भरभरून मजकूर देतात. म्हणून साइझ विचारूच नकोस. तुकड्या-तुकड्याने वाचत जा, बफर, म्हणजे वाचलेलं ठेवायची मेमरी, अपुरा पडला की दुप्पट कर, वाचणं शून्यावर आलं की थांब आणि तो शेवट होता का एरर ते मग विचार. कोड चार ओळी वाढेल, वाढू दे.

या सगळ्याचा धसका घेऊन चित्रांचा एक फॉरमॅट बनवलाय तो बघ, पीएनजी. कुठलीही पीएनजी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट्स दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघड, पहिले आठ बाइट्स नेहमी १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०. मधली तीन म्हणजे पी, एन, जी. १३७ अशासाठी की वाटेत कोणी आठवा बिट कापला तर लगेच कळावं. १३-१० ची जोडी कोणी नुसती १० केली तर चोरी पकडली जाते, शेवटच्या एकट्या १० ची जोडी केली तरी पकडली जाते, आणि २६ मुळे डॉसवर कोणी टाइप कमांड दिली तर स्क्रीनवर कचरा न होता तिथेच थांबतं. काय डोकं लावलंय ना! आपल्या फॉरमॅटला चार बाइट्सची सही देऊन मोकळे होतो आपण.

स्ट्रक्ट, म्हणजे अनेक फील्डचा गठ्ठा, फाइलमधून सरळ एफरीडने भरू नकोस हे तुला माहितीये, पॅडिंग (फील्डमधली रिकामी जागा), एंडियन (बाइट्सचा क्रम), लाँगची साइझ सगळंच मशिनगणिक बदलतं. आणि एकेक बाइट वाचणाऱ्या गेटसीचं उत्तर इंटमध्येच घे. कॅरमध्ये घेतलंस तर जिथे कॅर साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) आहे तिथे २५५ चा बाइट आला की फाइल संपल्यासारखी वाटते, आणि एआरएम लिनक्सवर कॅर अनसाइन्ड (ऋण न धरणारा), तिथे शेवटाची ऋण खूण ओळखूच येत नाही आणि लूप संपतच नाही.

एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या पद्धतीचं, मात्र नीट ऐक. यूटीएफ-८ मध्ये 'क' म्हणजे २२४, १६४, १४९ असे तीन बाइट्स. ४०९६ चे तुकडे वाचलेस आणि सलग देवनागरी असली तर ४०९६ ला तीनाने भाग जात नाही, एक बाइट उरतो, म्हणजे एका अक्षराचं डोकं या तुकड्यात आणि धड पुढच्यात, आणि तू प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड करतोयस म्हणून ते मधेच प्रश्नचिन्हं येतात. उरलेला बाइट पुढच्या तुकड्याला जोडून घे. पायथॉनची जी स्क्रिप्ट आहे तिच्यात ओपनला एन्कोडिंग स्पष्ट सांग, नाहीतर मशिनच्या सेटिंगवर जातं आणि विंडोज-१२५२ हे रोमन अक्षरांचं जुनं एन्कोडिंग असेल तर 'क'च्या जागी स्वरचिन्हवाला रोमन ए, चलनाचं चिन्ह आणि एक ठिपका येतो. जावानेसुद्धा यूटीएफ-८ डीफॉल्ट केलं ते थेट १८ व्या व्हर्जनला, २०२२ मध्ये! शिवाय विंडोजवरून आलेल्या फाइलच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट्स चिकटलेले असू शकतात, तुझ्या सीएसव्हीचा पहिला कॉलम सापडत नव्हता ना, बहुधा त्यामुळेच.

फाइलच्या नावांवर लिहायला बसलो तर अजून एक पत्र होईल. लिनक्सला नाव म्हणजे नुसते बाइट्स, विंडोज आतून यूटीएफ-१६ ठेवतं, कॅपिटल-स्मॉलचा फरक कुठे धरतात कुठे नाही. आणि हो, नवीन मॉड्यूलचं नाव तू 'ऑक्स' (AUX) ठेवणार म्हणालास ते नको रे, विंडोजवर ते जुनं राखीव नाव आहे, बऱ्याच मशिनवर तशी फाइल तयारच होत नाही. दुसरं काहीतरी ठेव आणि मग मला कोड पाठव.

तुझा,
सुहास