स्टिंग रेच्या ब्रेकमध्ये हवा शिरते कुठून?

सेंट लुईस, मिसूरी
१४ एप्रिल

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. १९६६ ची कॉर्व्हेट स्टिंग रे, ब्रेकमधली हवा दोनदा काढून झाली, मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) नवा, आणि तरी थोडं अंतर गेलं की पॅडल खोल जातंय. गळती मात्र थेंबभरही नाही. आता एकही नवा पार्ट मागवू नकोस. आधी ब्रेकच्या चारही डिस्कचा रनआऊट, म्हणजे फिरताना डिस्क किती डगमगते ते, मोज. १९६५ ते १९८२ पर्यंतच्या कॉर्व्हेटचे ब्रेक मुळात एकाच आखणीचे आहेत आणि गळतीशिवाय हवा शिरणं हे त्यांचं जुनं दुखणं आहे.

प्रत्येक कॅलिपरमध्ये (डिस्कला पॅड दाबणाऱ्या भागात) चार पिस्टन, डिस्कच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. पिस्टनच्या मागे स्प्रिंग असते, त्यामुळे पॅड कायम डिस्कला टेकून राहतात. आजच्या गाड्यांत ब्रेक सोडला की पिस्टन किंचित मागे सरकतो. इथे ती फटच नाही. म्हणून डिस्क डगमगली की प्रत्येक फेऱ्याला पिस्टन आत-बाहेर होतात. त्यांच्यावरचं सील लिपवालं, म्हणजे बाहेर वळलेल्या कडेचं, सायकलच्या पंपातल्या चामड्याच्या वायसरसारखं. ब्रेक ऑइलचा दाब आला की त्याची कड भिंतीला घट्ट बसते. पण पिस्टन डिस्कमागोमाग बाहेर सरकला की कड सैल पडते आणि हवा आत येते. ऑइल बाहेर येत नाही, म्हणून तुला गळती सापडत नाही.

डिस्क डगमगते कशामुळे? कारखान्यात ती हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) रिव्हेट करून मग दोन्ही एकत्र मशीनवर फिरवत, त्यामुळे जोडी सरळ असे. पुढे कुणीतरी रिव्हेट ड्रिल करून काढतो, नवी डिस्क नुसती सरकवतो आणि चाकाच्या नटांच्या भरवशावर सोडून देतो. हबची चूक आणि डिस्कची चूक मग एकावर एक चढते. तुझ्या डिस्कवर रिव्हेटची डोकी आहेत का, हे आधी बघ. नसतील तर माझा संशय पक्का.

गाडी उचलताना जॅक लोखंडी फ्रेमखालीच लाव, बॉडी फायबरग्लासची आहे. मागची दोन्ही चाकं एकदम वर घे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. घोड्या लावल्याशिवाय खाली हात घालू नकोस. कॅलिपर काढलास तर तारेने बांधून ठेव, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नकोस. डिस्क सैल असेल तर चाकाचे पाचही नट वायसर घालून आवळ, नाहीतर आकडा खोटा येईल.

पुढच्या चाकाचा बेअरिंग नट मोजण्यापुरता जरा आवळून खेळ (सैलपणा) काढून टाक आणि नंतर १ ते ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खेळ ठेवून पुन्हा बसव. तो तसाच आवळलेला राहिला तर बेअरिंग जळेल. मागे १ ते ८ थाऊ खेळ चालतो, पण मोजताना डिस्क सतत एकाच दिशेला दाबून धर. मागचा खेळ याहून जास्त असेल तर तिथेच थांब: आधी बेअरिंगचं काम, मग डिस्कचं.

चुंबकी स्टँडवर डायल गेज (काट्याचं मापक) लाव, टोक बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आत टेकव. चाक हळू, हाताने फिरव. काटा सर्वांत वर जातो तिथे खडूची खूण कर, सर्वांत खाली जातो तिथे दुसरी. दोन्हींतला फरक म्हणजे रनआऊट. ५ थाऊपर्यंत चालतं असं म्हणतात, पण लिप सीलवर मी ३ च्या वर समाधान मानत नाही, २ आला तर उत्तम.

जास्त आला तर आधी डिस्क उतरवून हबचा माथा तारेच्या ब्रशने चकचकीत घास. गंजाच्या एका पापुद्र्याने दोन-तीन थाऊ सहज जातात. मग डिस्क एकेक स्टड (चाकाचा बोल्ट) पुढे सरकवून पाचही जागी मोज. एका जागी हबची चूक डिस्कच्या चुकीला जवळपास मारून टाकते. ती सापडली की स्टडवर आणि डिस्कवर खूण कर. तरीही उरलं तर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असा शिम (हब आणि डिस्कच्या मध्ये घालायची पातळ चकती) मिळतो. जाड बाजू काटा सर्वांत खाली गेला होता तिथे. हबचा व्यास डिस्कपेक्षा लहान, म्हणून शिमची जाडी मोजलेल्या आकड्यापेक्षा कमी लागते. मशीनवर डिस्क खरवडायची असेल तर जाडी आधी बघ: नवी १.२५ इंच, १.२१५ इंचाखाली गेली की फेकायची.

लिप सीलऐवजी ओ-रिंगवाले (गोल रबरी कड्याचे) पिस्टन घाल, असा सल्ला तुला नक्की मिळेल. त्याने हवा थांबते, हे खरं. पण डगमग तशीच राहते, पिस्टन मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला पॅडल खोल जातं. आधी डिस्क सरळ कर, मग हवं ते सील घाल. कॅलिपरचे बोअर (पिस्टन बसतात ती भोकं) बिडाचे, आणि ब्रेक ऑइल ओलावा ओढतं. गाडी उभी राहिली की त्यांत खड्डे पडतात. तुझ्या कॅलिपरमध्ये बोअरच्या आत बसणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्ह (नळ्या) नसतील तर उघडल्या हाती घालून घे, हा खर्च टाळू नकोस.

हवा काढताना मागच्या प्रत्येक कॅलिपरला दोन ब्लीडर (हवा सोडायचे स्क्रू) आहेत, आत आणि बाहेर, हे विसरू नकोस. बाहेरच्यासाठी चाक उतरवावंच लागतं आणि नेमका तोच राहून जातो. क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. कॅलिपरवर हातोडीच्या लाकडी मुठीने टकटक कर, अडकलेले बुडबुडे सुटतात. डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल वापर, दर दोन वर्षांनी बदल; सिलिकॉनचं डॉट ५ त्यात चुकूनही मिसळू नकोस. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओत.

एक काळजी मात्र वाटते. पॉवर ब्रेक नसलेल्या १९६६ च्या गाडीत मास्टर सिलिंडरला एकच कप्पा आहे. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून दोन कप्पे आले. प्रदर्शनात मूळपणाचे गुण जातील, पण तू मुलांना घेऊन फिरणार आहेस, तेव्हा दोन कप्प्यांचा बसव आणि जुना सिलिंडर नीट गुंडाळून ठेव. तोवर दर वेळी निघण्याआधी झाकण उघडून पातळी बघ.

चारही चाकांचे आकडे, खुणांच्या जागा आणि मागच्या बेअरिंगचा खेळ लिहून पाठव. त्यावरून शिम कुठला मागवायचा ते सांगतो.

तुझा,
शिरीष