बागेचा फोटो नको, नकाशा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतलं घरच्या बागेचं पान मी आवर्जून वाचते, पण खरं सांगू का, आता जरा वैताग आलाय. परवा परत तेच, गुळगुळीत लॉन, मधून पांढऱ्या गोट्यांची पायवाट आणि कडेने लॅव्हेंडर! अहो आमच्या साताऱ्यात जूनपासून जी झड लागते त्यात ते लॅव्हेंडर मुळापासून सडतं. ट्युलिपचं तर बोलायलाच नको, कांद्याला आधी काही आठवडे चांगली थंडी लागते तेव्हा कुठे फूल येतं.. आणि लोक हेच फोटो घेऊन नर्सरीत जातात, नर्सरीवाला पण म्हणतो, आणून देतो की ताई.

आयडिया मोबाईलवर ढिगाने पडल्यात. घराभोवती दहा-बारा फूट जागा असलेल्या माणसाला अडतं ते कुठलं झाड कुठे लावायचं यावर. साधं ऊनच घ्या, डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा वीस फूट उंच घराची सावली भरदुपारी उत्तरेला सतरा-अठरा फूट पडते, म्हणजे त्या बाजूला थंडीभर ऊन नाही, तिथे गुलाब लावून काय फुलणार? पण मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत तोच सूर्य उत्तरेकडे असतो आणि त्याच भिंतीला ऊन लागतं. तिथे हळद लावा ना, पावसाळ्यात मस्त वाढते आणि थंडीत तिची पानं तशीही वाळतातच, तिला सावलीचं काय!

दुसरं म्हणजे झाड किती मोठं होणार हे कोणी सांगतच नाही. सोनचाफ्याचं हातभर रोप कंपाउंडला चिकटून लावतात, पुढे ते दुमजली घराच्या वर जातं, फांद्या शेजारच्यांच्या पत्र्यावर, मग भांडणं. लिंबाला चारी बाजूंनी निदान सात-आठ फूट मोकळे लागतात, तो जिन्याखाली कोंबलेला बघितलाय मी. जुन्या परसात हे सगळं बरोबर व्हायचं, न्हाणीचं सांडपाणी जाईल तिथे केळ आणि अळू, आता ते पाणी थेट ड्रेनेजला जातं ते सोडा.

तर विनंती एवढीच की फोटोऐवजी एका खऱ्या प्लॉटचा नकाशा छापा. त्यावर उत्तर दिशा, टाकी, ड्रेनेजचे चेंबर दाखवा आणि प्रत्येक झाडाचा गोल पाच वर्षांनी जेवढा घेर होईल तेवढा काढा, रोपाएवढा नाही. कोकणाचा वेगळा, मराठवाड्याचा वेगळा पाहिजे, दापोली, परभणी, राहुरीला कृषी विद्यापीठं आहेत, तिथल्या उद्यानविद्येच्या लोकांना विचारा की. आणि प्लीज हे एप्रिलमध्ये छापा, खड्डे मे महिन्यात काढून उन्हात तापवायचे असतात, जुलैत छापलंत तर तोवर लोकांची रोपं लावून झालेली असतात.

आपली,
एक वाचक, सातारा