सौ. लिहू की नको

सोलापूर
संक्रांत, रात्री साडेअकरा

चि. मेघा,
अनेक आशीर्वाद.

पहिल्याच ओळीत अर्धा तास गेला. तुझं लग्न झाल्यापासून मी 'चि. सौ.' लिहायचो. २०१९ साली घटस्फोटाच्या निकालाचा कागद हातात आला तेव्हापासून नुसतं 'चि.'. आता काय लिहायचं? आई म्हणाली, लिहा की सौ., महिन्यानं होणारच आहे. मी म्हटलं, झाल्यावर लिहितो. त्यावरून आमचं थोडं वाजलं. ती झोपलीय. झोपलीय म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडलीय.

काल फोन कट झाला नव्हता, मी ठेवला. आईनं तुला रेंज गेली म्हणून सांगितलं असेल. सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ गर्दीत उभा होतो, एका कानात बोट, एका हातात अक्षता, सातही नंदीध्वज येऊन उभे राहिलेले, आणि तू म्हणतेस, अप्पा, आम्ही नोटीस दिलीय. नोटीस म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिली जप्तीची आली. होडीवरच्या कर्जाची. मग कळलं, लग्नाची. पुन्हा त्याच माणसाशी. तोवर तिकडे 'सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम' होऊन अक्षता पडल्यासुद्धा. माझ्या तशाच राहिल्या, आत्ता सदरा काढताना खिशात सापडल्या.

रागावलो नाही. म्हणजे रागावलो, पण तुमच्या लग्नावर नाही. आईला दिवाळीपासून माहीत, मामाला त्याच्याही आधी, आणि मी इथं रोज विचारतोय की मेघाला सुट्टी लागली की मालवणचीच ट्रिप का सुचते. घरात मीच एक खुळा.

लहान होतीस तेव्हा याच कट्ट्याजवळ माझ्या खांद्यावर बसून तू विचारलं होतंस, अप्पा, दर वर्षी तेच नवरा-नवरी कसे? मागच्या वर्षीचं मोडलं का? आजूबाजूची माणसं हसली. मी तुला कुंभारकन्येची गोष्ट सांगितली, की सिद्धरामेश्वर तपस्वी, ते लग्न कसे करतील, म्हणून तिनं त्यांच्या योगदंडाशी लग्न लावलं, आणि आपण त्याच्या अक्षता दर वर्षी टाकतो. तुझं समाधान झालं नाही. मग आकाशपाळण्यात बसवलं, तेव्हा गप्प झालीस. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

ते असू दे. मला एकच सांगायचंय. फोनवर 'बरंय' म्हणू नकोस.

तिकडे मालवणला होतीस ती वर्षं दर रविवारी फोन यायचा. काय करायलीस? बरंय. जेवलीस का? बरंय. घरी सगळे? बरंय. जेवलीस का याचं उत्तर बरंय कसं असेल, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. दारात वसुलीवाले बसत होते आणि तू मला बरंय सांगत होतीस. होडी गहाण आहे हे तुलाच जिथं सहा महिने माहीत नव्हतं, तिथं मला कुठून कळणार?

म्हणून सांगतो. बँकेच्या कुडाळच्या शाखेत बदली मिळत असेल तरच जा. नोकरी सोडून जाऊ नकोस, मागच्या वेळी सोडलीस आणि नऊ महिने घरात बसून पर्यटकांच्या उशांचे अभ्रे बदललेस. पगाराचं खातं तुझ्या एकटीच्या नावावर. पर्यटकांसाठीच्या त्या दोन खोल्या कुणाच्या नावावर आहेत, सातबारावर किती नावं आहेत, ते बघ. कुठल्याही कागदावर जामीन म्हणून सही करू नकोस. दुसऱ्यांना कर्ज देतानाचे कागद रोज तपासतेस, घरचे तपासायला लाज कसली? आणि होडीत बसताना ते नारिंगी जॅकेट घालत जा, तिथली माणसं घालत नसली तरी.

झालं, सुरू झालो. माफ कर. बँकेत तू मला शिकवतेस की ओटीपी कुणाला सांगायचा नाही, आणि मी तुला खातं शिकवतोय. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का, तेव्हा तू सरळ बघून म्हणालीस, नाही, आम्ही दोघांनी ठरवलंय. बाहेर आलो तेव्हा माझे पाय लटपटत होते, आणि तू मला उसाचा रस पाजलास. ते मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं. घटस्फोटाची गोष्ट अभिमानानं सांगणारा अख्ख्या एमआयडीसीत मी एकटाच असेन.

तुला वाटत असेल, आता अप्पा तुटलेल्या तारेचं काढणार. नाही काढत. मागच्या वेळी काढलं होतं, की माग चालताना तार तुटतेच, गाठ मारायची आणि पुढे जायचं, चादर काय फेकून देतो का आपण? तू म्हणालीस, अप्पा, मी चादर नाहीये. बत्तीस वर्षं जॅकार्डच्या मागावर काढली मी, पण असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

वकीलकाकांना आज विचारून आलो. ते म्हणाले, निकाल रद्द बिद्द होत नसतो, पहिलं लग्न संपलं ते संपलं, हे नव्यानंच लग्न. विशेष विवाह कायद्यात नोटिशीचे तीस दिवस. परस्पर संमतीचा अर्ज केला होता तेव्हा मात्र विचाराला सहा महिने दिले होते. मोडायला सहा महिने आणि जुळवायला तीस दिवस. कायदा करणाऱ्यांना मुली नसाव्यात. आणि संमती हा शब्द मला आजवर दोनच ठिकाणी भेटला, एक आमच्या कट्ट्याच्या नावात आणि एक तुमच्या त्या अर्जात.

त्याच्याबद्दल, म्हणजे बघ, इथंही अडतो. लग्नात 'जावईबापू' आणि 'तुम्ही' होतं. मग नुसता 'तो'. तोंडाला तीच सवय पडलीय. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणायचो, आई साक्षीला आहे. लग्नानंतर आम्हाला सिंधुदुर्ग दाखवायला नेलं, तेव्हा होडीत माझा चेहरा बघून काही न बोलता माझ्या शेजारी येऊन बसला आणि किनारा येईपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं. किल्ल्यात त्या तीन विहिरी दाखवल्या, दूध, दही आणि साखर. चारी बाजूंना खारा समुद्र आणि आत गोडं पाणी. आपल्याकडे चार दिवसांआड नळ यायचा, तोही अर्ध्या रात्री, म्हणून मी तिथंच ओंजळ भरून प्यायलो, आणि तुम्ही दोघं हसलात. ते हसणं मला फार आवडलं होतं. सारखं होतं तुमचं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. १६ मे २०२१. तौक्ते वादळ मालवणवरून गेलं तो दिवस. लॉकडाऊन होतं, तू घरीच होतीस. टीव्हीवर माड आडवे झालेले दाखवत होते. रात्री पाणी प्यायला उठलो तर गच्चीच्या जिन्यात तू फोन लावत होतीस. लागत नव्हता, तिकडे लाईटच नव्हती. तू परत लावलास. परत. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती. मी पाणी न पिताच जाऊन पडलो. सकाळी तुला विचारलं, झोप झाली का? तू म्हणालीस, बरंय.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं म्हणा. पण बापानं सगळं कळल्याचं दाखवायचं नसतं, असं मला उगाच वाटायचं.

आता खरं लिहितो, ज्यासाठी बसलोय ते. २०१७ च्या गड्ड्यात, म्हणजे याच यात्रेत, भोगीच्या आदल्या रात्री तुझा फोन आला होता. तू विचारलंस, अप्पा, येऊ का चार दिवस? घरात पाहुणे होते, आत्या, तिच्या सुना, सगळे. तू एकटी आलीस तर काय काय विचारतील, ते डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, संक्रांत होऊ दे, मग ये. तू जरा थांबलीस आणि म्हणालीस, बरंय.

त्यानंतर आठ महिन्यांनी पहाटे साडेचारला एसटी स्टँडवरून रिक्षानं आलीस, एक बॅग आणि छत्री घेऊन. मी दार उघडलं आणि विचारलं, चहा घेणार? आठ महिने. त्या आठ महिन्यांत काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पण तो 'बरंय' मला अजून ऐकू येतो, विशेषतः गड्ड्यात. यंदा तू आली नाहीस आणि फोन वाजला, तेव्हा खरं सांगू का, मला तेच वाटलं. म्हणून ठेवला. तू पुढे काय विचारशील याची भीती वाटली.

तेव्हा परत सांगतो. गड्डा असो, पाहुणे असोत, कुणाचं तेरावं असो, यायचं असलं तर विचारायचं नाही, यायचं. आणि यावं लागू नये. दोन्ही लिहितो. कुठलं आधी लिहावं ते कळत नाही.

आईनं शेंगाचटणीचे दोन डबे केलेत, त्यातला लाल झाकणाचा तिखट, तो त्यांना देऊ नकोस, मागं ठसका लागला होता. कडक भाकरी तिकडच्या हवेत मऊ पडते, डब्यात घट्ट बंद करून ठेव. चादर मी निवडलीय, हिरवी. पावसाळ्याआधी एकदा धुऊन घे, नंतर तिथं वाळायची नाही.

तीळगूळ सोबत आहे.

तुझा
अप्पा

ता. क. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात, असं वकीलकाका म्हणाले. दोन तिकडचे असतीलच. तिसरं नाव अजून भरलं नसेल तर माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स याच पाकिटात घातलीय. रात्री एकच दुकान उघडं होतं, त्यामुळे पुसट आलीय. फोटोत मी ओळखू येत नाही, पण नंबर वाचता येतो.