मरीयेला शिकण्याची जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्त्रियांच्या व्यक्तिमत्त्व विकासावर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु श्रद्धेच्या वाटेने स्त्रीची जी वाढ होते, तिच्याविषयी वृत्तपत्रांतून क्वचितच काही वाचायला मिळते. मी अनेक वर्षे ख्रिस्ती स्त्रियांच्या बायबल अभ्यासवर्गात जात आले आहे. तेथे मनात साचत गेलेली एक गोष्ट मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चर्चच्या मंडळीतील स्त्रियांच्या मेळाव्यांचे विषय पाहिले, तर सहनशीलता, सौम्यता, आदर्श पत्नी आणि प्रार्थनाशील माता यांच्यापलीकडे ते फारसे जात नाहीत. हे गुण मोलाचे आहेत, याबद्दल माझा वाद नाही. परंतु स्त्रीच्या हाती शास्त्र, म्हणजे बायबल, देऊन ते स्वतः वाचायला, त्यातील अवघड जागी थांबायला आणि प्रश्न विचारायला जोवर आपण तिला शिकवत नाही, तोवर तिची आत्मिक वाढ अर्धीच राहते, असे माझे ठाम मत आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातील मार्था आणि मरीया या बहिणींची कथा आमच्यात सर्वांना ठाऊक आहे: येशू घरी आला असता मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतली आणि मरीया त्याचे बोलणे ऐकत बसली. कामाची धांदल सोडून शांतपणे भक्ती करावी, एवढाच तिचा अर्थ प्रवचनांत बहुधा सांगितला जातो. मरीया प्रभूच्या चरणांजवळ बसली, या शब्दांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, आपले शिक्षण गमलियेल या यहुदी गुरूच्या चरणांजवळ झाले. गुरूच्या चरणांजवळ बसणे म्हणजे शिष्य होणे. मरीयेने त्या घरात शिष्याची जागा घेतली होती, आणि तिने निवडलेला वाटा तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही, असे येशूने स्वतः सांगितले. दोन हजार वर्षांत तो वाटा किती वेळा काढून घेतला गेला, याचा विचार केला की मन जड होते. अव्हिलाच्या संत तेरेझाने १६व्या शतकात प्रार्थनेविषयी जे लिहिले, ते आजही अभ्यासले जाते. तरीही तिला आणि सिएनाच्या संत कॅथरिनला ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजे चर्चचे मान्यताप्राप्त आचार्य, ही पदवी कॅथलिक चर्चने १९७० साली दिली, आणि तोपर्यंत ती कोणत्याही स्त्रीला मिळालेली नव्हती.

आमच्या वर्गात एकदा आम्ही गणना या पुस्तकाचा २७वा अध्याय वाचला. सलाफहाद नावाच्या इस्राएली माणसाच्या पाच मुली इस्राएलांचा नेता मोशे, याजक, सरदार आणि सगळा लोकसमुदाय यांच्यासमोर उभ्या राहून म्हणतात की, आमच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव का पुसले जावे? आम्हांला वतन द्या. वर्गातील एक प्रौढ भगिनी, जिने एवढ्या वर्षांत एकही प्रश्न विचारला नव्हता, तो अध्याय घरी पुन्हा वाचून पुढच्या आठवड्यात आली आणि म्हणाली, “मोशेला उत्तर माहीत नव्हते, तरी त्याने त्यांना परत पाठवले नाही. त्याने त्यांचे म्हणणे देवापुढे नेले.” त्या मुलींचे म्हणणे रास्त आहे, असे देवाने सांगितल्याचे आम्ही सर्वांनी वाचले होते, मोशेचे ते थांबणे मात्र तिला एकटीला दिसले. पुढे ३६व्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात विवाह करावा अशी अट आली, हेही आम्ही त्याच वर्गात वाचले, कारण अडचणीचे वाटते ते गाळून अभ्यास होत नाही. त्या दिवसापासून ती भगिनी वही घेऊन येऊ लागली. व्यक्तिमत्त्वाची वाढ म्हणतात ती हीच, असे मला वाटते.

मूळ भाषांकडे पाहिले की आणखी काही हाती लागते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीला ‘साहाय्यक’ म्हटले आहे आणि त्यावरून तिला दुय्यम ठरवले जाते. परंतु तेथील ‘एझेर’ हाच हिब्रू शब्द स्तोत्र १२१ मध्ये मनुष्याला साहाय्य करणाऱ्या परमेश्वराविषयी आला आहे. नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातील ‘सद्गुणी’ स्त्रीसाठी वापरलेला ‘हायिल’ हा शब्द इतरत्र सामर्थ्य, पराक्रम आणि सैन्य यांसाठी येतो. ती स्त्री पारख करून शेत विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. हे सर्व पंडितांनीच जाणावे असे नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या छपाईचे काम रमाबाईंनीच स्थापन केलेल्या मुक्ती मिशन या आश्रमातील स्त्रियांनी केले. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, अशा स्त्रियांच्या हातांनी ती अक्षरे जुळवली गेली, हे आठवले की मला आजही भरून येते.

आता ज्या विषयावर मौन पाळले जाते, तो मांडते. पतीची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला “सहन कर, प्रार्थना कर, हा तुझा वधस्तंभ आहे” असा सल्ला दिलेला मी माझ्या कानांनी ऐकला आहे. सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही, पण तो शास्त्राला धरून नाही. योहानाच्या १०व्या अध्यायात येशू म्हणतो की, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. वधस्तंभ त्याने स्वतः स्वीकारला. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. अशा वेळी इफिसकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातील २२वे वचन, म्हणजे पत्नींनी पतीच्या अधीन असावे हे, हमखास वाचले जाते, आणि एकमेकांच्या अधीन असा, हे २१वे वचन वगळले जाते. वास्तविक काही अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत २२व्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते आधीच्या वचनातून घ्यावे लागते. जिला हे माहीत आहे, तिला कोणी अर्धे वचन सांगून गप्प बसवू शकणार नाही, आणि जिच्यावर अत्याचार होतो तिला आधी सुरक्षित जागी नेले पाहिजे, हे सांगायलाही ती कचरणार नाही.

म्हणून पाळकांना, मेळावे भरवणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे की, वर्षातून काही सत्रे तरी प्रवचनाऐवजी अभ्यासाची ठेवावीत. त्यांत स्त्रियांनी वचन मोठ्याने वाचावे, मागचा-पुढचा संदर्भ पाहावा आणि शंका मनमोकळेपणाने मांडावी. शंका म्हणजे अविश्वास, ही भीती आधी घालवावी लागेल. त्याचप्रमाणे ज्या बोलू शकतात त्यांना शिकवण्याची संधीही मिळावी, कारण बायबलमध्ये, वक्तृत्वासाठी नावाजलेल्या अपुल्लोस या उपदेशकाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्यांत प्रिस्किल्ला ही स्त्री होती.

मी वर जिच्याविषयी लिहिले, ती भगिनी पुढच्या वर्गात रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय सांगणार आहे. तेथे फिबी या स्त्रीच्या नावापुढे पौलाने वापरलेला ‘दियाकोनॉस’, म्हणजे मंडळीचा सेवक, हा ग्रीक शब्द तिने स्वतः शोधून काढला असून तो तिच्या वहीत पहिल्याच ओळीत लिहिलेला आहे.

आपली नम्र,
एक वाचक